सगळे खिळे अडीच इंची

११ जानेवारी

धाकटे,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. विसरलेले नाही. मुद्दाम लिहिला नाही.

तुझा पत्ता मी शोधत बसले नव्हते. आपला सुतार दारं बसवायला तिकडे गेला होता. बसस्थानकावर उतरला तर कर्ण्यातून तुझा आवाज. ‘सात नंबर फलाटावरची गाडी पंचवीस मिनिटं उशिरा सुटेल.’ त्याने हातातली हत्यारांची पेटी तिथेच टाकली आणि ओरडला, ‘अरे, ही तर आमची धाकटी!’ लोकांना वाटलं, ह्याची मुलगी हरवली होती. एका बाईने त्याला पाणीसुद्धा दिलं. मग चौकशीच्या खिडकीवरून तुझा पत्ता लिहून आणला आणि मी न मागता माझ्या टेबलावर ठेवून गेला. तो कागद चार दिवस खिळ्यांच्या पुड्याखाली पडून होता. आज पुडा विकला गेला म्हणून दिसला. एवढंच.

म्हणजे नोकरी लागली तर. बरं झालं. दिवसभर उभ्या गावाला ओरडून सूचना द्यायच्या आणि वर पगार घ्यायचा, हे काम तुझ्यासाठीच काढलं असणार.

आता मुद्द्याचं. हे पत्र मी पाना परत मागायला लिहीत नाहीये.

पाना तू नेलास, हे मी ऑक्टोबरात तुझ्या तोंडावर सांगितलं होतं, आज कागदावर सांगते. आपल्या मशीनच्या जबड्याचे दोन बोल्ट मोठ्या चाकाच्या मागे आहेत. तिथे सरळ पाना पोचत नाही. म्हणून बाबांनी स्वतः भट्टीत तापवून, दोन ठिकाणी वाकवून, हातभर लांबीचा एक पाना केला. जगात तसा दुसरा नाही. ते बोल्ट सैल केल्याशिवाय जबडा निघत नाही, जबडा निघाल्याशिवाय खिळ्याचं माप बदलत नाही. हे सगळं तुला पाठ आहे. तरी लिहितेय, कारण पाना पिशवीत घालताना तू ते विसरलीस असं दिसतं. तू गेलीस तेव्हा मशीनवर अडीच इंचीचं माप लावलेलं होतं. आजही तेच आहे. तीन महिने ह्या घरातून फक्त अडीच इंची खिळा बाहेर पडतोय.

राग कसला होता तेही मला माहीत आहे. त्याच्या आधी आठवडाभर तू माझ्या कानांच्या मागे लागली होतीस. ‘ताई, कान दाखवून घे. ताई, तुला मशीन ऐकू येत नाही.’ तेही पेटीवाल्यासमोर, म्हणजे आपल्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकासमोर! बत्तीस वर्षं मी त्या मशीनवर बसतेय आणि मला मशीन ऐकू येत नाही! मी तुला झापलं. दोन दिवसांनी सकाळी पाना जागेवर नाही. आता घरात माणसं दोन. मी घेतला नाही. मग राहिलं कोण?

पण मला लागलं ते दुसरंच. तू पिशवी घेऊन दारात आलीस. मशीन चालू होतं, खिळे घोळायचं भुशाचं पिंप फिरत होतं, आणि मी दाराकडे पाठ करून बसले होते. बाबांनी मशीनच तसं बसवलंय, हातावर मागून उजेड पडावा म्हणून. तुझी सावली माझ्या समोरच्या भिंतीवर पडली. ती बराच वेळ उभी राहिली. एकदा तिने हात वर केला, केस सावरले असतील. मी वाट बघत होते. मग सावली गेली.

एक शब्द बोलली नाहीस. निदान ‘येते’ तरी म्हणायचं!

तुझी, नाइलाज म्हणून,
ताई

ता. क. पाना पाठवायचाच झाला तर तेल लावून गोणपाटात गुंडाळ. वाटेत गंजेल.


२ फेब्रुवारी

धाकटे,

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. आशीर्वाद डब्यात झाकून ठेवलेत. ते काही नासत नाहीत.

इकडे सगळं झकास चाललंय. अडीच इंची हा खरं म्हणजे सगळ्यात उपयोगाचा खिळा. बाबांना हे कळलं नाही, उगाच सात-सात मापं काढत बसले. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना आरसा टांगायचा होता. त्यांनी पाऊण इंची मागितला. मी म्हटलं, हाच न्या, एकदाच काय ते मजबूत काम होऊ दे. मधली भिंत नुसत्या फळ्यांची. खिळा पलीकडे शेजाऱ्याच्या न्हाणीघरात निघाला. शेजारी तावातावाने भांडायला आला. दुसऱ्या दिवशी त्याने त्यावर टॉवेल अडकवून बघितला. आता म्हणतो, अजून तीन ठोका, मुलांचेही टॉवेल आहेत.

मोच्याला मात्र अक्कल नाही. त्याला म्हटलं, अडीच इंची घे आणि तुझा तू कापून घे. तो म्हणाला, ‘आधी तुम्ही ही चप्पल पायात घालून दाखवा.’ त्याच्याशी बोलणं सोडलंय.

आणि तुझ्या पान्यावाचून माझं अडतं असं समजू नकोस. मी सुताराकडचा दातांचा मोठा पाना आणला. चाकामागे हात घालून बोल्टला लावला, मशीनला दोन्ही पाय टेकवले आणि जीव खाऊन ओढला. सुटला. बोल्ट नाही, पाना. मी उलटी जाऊन तारेच्या वेटोळ्यात बसले. नुसती बसले नाही, अडकले. सुतार आणि पेटीवाला, दोघांनी मिळून मला बाहेर काढलं. दोघं तोंड फिरवून हसत होते. खांदे हलत होते त्यांचे, त्यावरून कळलं.

बाकी बारीकसारीक त्रास आहेत. किटलीने शिट्टी मारायचं सोडलं. दोनदा पाणी आटून बूड जळालं. नवी आणली, तीही तसलीच मुकी. हल्ली माल कसा बनवतात कोण जाणे. दूधवाला दार वाजवत नाही, बाटली ठेवून पळतो. मास्तरीणबाई बोलताना नुसते ओठ हलवतात, ही शिकलेल्या माणसांची नवी पद्धत दिसते. मशीन तेवढं गुणी निघालं. तू होतीस तेव्हा केवढा दणदणाट करायचं! आता कसं शांत चालतं. तेल मी स्वतः घालते ना, म्हणून.

तुझ्याकडे खोली कशी आहे? खिडकी आहे का? नसली तरी मला काय करायचंय.

ताई


२३ फेब्रुवारी

धाकटे,

मास्तरीणबाईंनी माझ्यावर लेखी तक्रार केलीय. आधी तीनदा तोंडी केली होती म्हणे, मला तरी आठवत नाही. वहीचं पान, लाल शाईने समास आखलेला. जसंच्या तसं उतरवते:

‘आपल्या कारखान्यातील पिंपातून दर फेऱ्याला एक टणत्कार होतो. पूर्वी असा आवाज नव्हता. तो ऑक्टोबर महिन्यापासून सुरू झाला आहे. वह्या तपासताना प्रत्येक टणत्काराला माझा हात उडतो व बरोबर उत्तरावर फुली पडते. निम्मा वर्ग नापास होण्याच्या बेतात आहे.’

मी न्यायाने वागले. लगेच पिंप चालू केलं आणि घड्याळ लावून दहा मिनिटं त्याच्याजवळ उभी राहिले. काही नाही. भुसा फिरतोय, खिळे फिरतायत, छान काम चाललंय. मी त्याच कागदाखाली शेरा मारला, ‘तपासले. आवाज नाही. तक्रारदाराने कानात कोमट तेल घालावे.’ सही केली आणि कागद वर पाठवून दिला. तेव्हापासून जिन्यात भेटल्या की त्या माझ्याकडे फार प्रेमाने बघतात. हे मला आवडलेलं नाही.

सुतारही तेच टुमणं लावतो, पिंपात काहीतरी आहे, पिंपात काहीतरी आहे. मी म्हटलं, आहे ना, खिळे आहेत.

आता काळजीचं. पेटीवाला येऊन बसला होता. तो हल्ली फार ओरडून बोलतो, पण निदान समजतं तरी. त्याच्या फळांच्या पेट्या, पातळ फळ्या. त्यात अडीच इंची ठोकला की खिळा थेट फळात. म्हणाला, ‘ताई, परवा गिऱ्हाइकाने पेटी उघडली. वरच्या थरातल्या एकेका संत्र्यात एकेक खिळा.’ मी म्हटलं, ‘म्हणजे वाटेत हलली नसतील.’ तो हसला नाही. एकतीस मार्चपर्यंत एक इंची मिळाले नाहीत, तर मोठ्या कारखान्याचा माल घेणार म्हणून सांगून गेला. आपला निम्मा माल त्याच्याकडे जातो. तो तुटला की मशीन भंगारात. हे तुला घाबरवायला लिहीत नाही. बाबांनी मशीन दोघींच्या नावावर ठेवलंय, म्हणून कळवलं.

लोहाराने तीन पाने करून बघितले. समोर नमुना नाही, मी हातवारे करून सांगणार आणि तो मान डोलावून त्याला हवं तेच करणार. पहिला चाकापर्यंतच पोचला. दुसरा भलतीकडेच वाकलेला. तिसरा चाकामागे गेला आणि बाहेरच येईना. दीड दिवस आम्ही दोघं त्याला बाहेर काढत होतो. शेवटी लोहार म्हणाला, ‘तुमच्या बाबांनी हे हातात काय घेऊन केलं असेल?’ मी म्हटलं, ‘धाकटीला घेऊन.’ पाना केला तेव्हा तू त्यांच्या कडेवर होतीस. भट्टीजवळ नको म्हणून मी किती ओरडले होते! ते म्हणाले, ‘असू दे, तिला आवाज आवडतो.’

ताई


९ मार्च

धाकटे,

आज भांडायला लिहीत नाहीये. सकाळी अर्धं घमेलं खिळे फुकट गेले. सगळ्यांची डोकी एका बाजूला कललेली. जबड्याची पाचर सैल झाली होती आणि मला कळलंच नाही. डोळ्यांना दिसलं तेव्हा तासभर उलटून गेला होता.

तू असतीस तर तिसऱ्याच खिळ्याला मागून ओरडली असतीस, ‘ताई, ठोका पोकळ येतोय!’ आतल्या खोलीत भाजी चिरता चिरता ओरडायचीस. हातोड्याचा ठोका भरीव आहे की पोकळ, कात्री बोथट झालीय की तार कोरडी, सगळं तुला भिंतीपलीकडून कळायचं. मला तुझा फार राग यायचा. मशीन चालवणार मी, घाम गाळणार मी, आणि दुरून चूक काढणार ही.

आता कोणी चूक काढत नाही. सगळं निवांत आहे. मला हे निवांतपण नको झालंय.

आता एक गोष्ट लिहिते, तेवढी वाचून सोडून दे. पाना नेलास तर नेलास. ठेव तुझ्याकडे, उशाशी घेऊन झोप. तू ये. पान्याशिवाय ये. अडीच इंचीच खिळे करू, आणि पेटीवाल्याला म्हणू, भोपळे विकायला घे.

ताई

ता. क. वरचा मजकूर वाचून डोक्यावर बसू नकोस. चोरी ती चोरीच.


१७ मार्च

धाकटे,

पाना सापडला. पिंपात होता.

तो तिथे तूच टाकलास हे उघड आहे. जाता जाता माझी खोड मोडायची म्हणून टाकलास. शोभलं तुला!

ताई


१८ मार्च

धाकटे,

कालचं पत्र फाडून टाक. आधी हे वाच. कालचं आधी वाचलं असशील तर विसरून जा. मी सकाळी टपालपेटीपाशी जाऊन उभी राहिले होते, पण टपालवाल्याने टाकलेलं पत्र परत द्यायला नकार दिला. नियम असतो म्हणे. मी त्याला अडीच इंची खिळ्यांचा पुडाही देऊ केला.

झालं ते असं. काल मास्तरीणबाई सुताराचा हात धरून खाली आल्या. पिंप फिरत होतं. सुताराने माझा हात उचलला आणि तळवा पिंपाच्या पत्र्यावर ठेवला. पिंप फिरलं, आणि तळहाताला दणका बसला. दुसरा फेरा, दुसरा दणका. खिळ्यांचं असं लागत नाही, खिळ्यांची नुसती थरथर असते. मी हात काढला, परत ठेवला. बसला दणका.

सुताराने पिंप थांबवलं, झडप उघडली, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि आतल्या आडव्या पट्टीमागून पाना ओढून काढला. अगं, काय दिसतोय! साडेपाच महिने भुशात घोळून असा लखलखीत झालाय की मास्तरीणबाईंना वाटलं, कुठलंतरी बक्षीस आहे. आत जाताना खिळ्यांबरोबर उभा गेला, आत पट्टीमागे आडवा पडला, मग एवढ्याशा झडपेतून बाहेर कसा येणार? आपल्या घरातल्या बायकांसारखाच.

मी लगेच म्हटलं, धाकटीचं काम! आत जाऊन तुला ते पत्र खरडलं, पेटीत टाकून आले. आल्यावर सुतार तिथेच बसलेला. त्याने समोरच्या पाटीवर खडूने लिहिलं, कारण तो बोलतोय आणि मी दुसरीकडेच बघतेय असं त्याला वाटलं असावं. लिहिलं, ‘पाना कुठे ठेवायचात?’

मी हाताने दाखवलं. घमेल्यात. कामातून उठताना मी पाना हातासरशी खिळ्यांच्या घमेल्यात टाकते. बत्तीस वर्षं टाकतेय. आणि पिंप भरताना तेच घमेलं झडपेला लावून रिकामं करते. दर वेळी तू ‘ताई, पाना!’ म्हणून ओरडायचीस आणि मी काढून घ्यायचे. त्या दिवशी सकाळी तू आत होतीस, तोंड फुगवून. ओरडायला कोणी नव्हतं. म्हणजे पिंपात पाना मी टाकला. ह्या माझ्या हातांनी.

तुला चोर म्हटलं. सुताराला सांगितलं, मोच्याला सांगितलं, लोहाराला तर तीनदा सांगितलं. आज सगळ्यांकडे जाऊन उलटं सांगून आले. मोच्याकडे जायला जिवावर आलं होतं, पण गेले. तो म्हणाला, बसा. चहा पाजला.

माझं चुकलं. साफ चुकलं. तू लहान आहेस, तरी तुझे पाय धरायला हवेत इतकं चुकलं.

आता एकच विचारते, रागाने नाही. तू निर्दोष होतीस, मग जाताना एक शब्द का बोलली नाहीस? भांडली असतीस, शिव्या घातल्या असत्यास तरी चाललं असतं. ती गप्प सावली माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

ताई


२५ मार्च

ताई,

बोलले होते.

दारात उभी राहून दोनदा सांगितलं, ‘ताई, पाना पिंपात वाजतोय!’ आधी साध्या आवाजात. मग तोंडाला हात लावून ओरडून. रस्त्यावर झोपलेलं कुत्रं उठून बसलं. तू मान वळवली नाहीस. मला वाटलं, ऐकून न ऐकल्यासारखं करतेयस, मला अजून दारात ताटकळत ठेवायचंय तुला. म्हणून गेले. ‘येते’ पण म्हटलं होतं.

तुझी सगळी पत्रं जपून ठेवलीत. पाना कुठे होता हे तू स्वतः लिहीपर्यंत उत्तर द्यायचं नाही, असं ठरवलं होतं. मीही तुझीच बहीण आहे. नवव्या तारखेच्या पत्रामुळे मात्र दोनदा गाडीचा फलाट चुकीचा सांगितला गेला माझ्याकडून.

खोलीला खिडकी आहे.

धाकटी

ता. क. अजून किटल्या घेऊ नकोस.


६ एप्रिल

माझ्या धाकट्या बाळे,

अनेक, अनेक, अनेक आशीर्वाद. जानेवारीपासूनचे साठलेले सगळे एकदम पाठवतेय, मोजून घे.

तुझं कार्ड आलं तेव्हा मशीन चालू होतं. वाचलं आणि भर दुपारी मशीन बंद केलं. मग तिथेच तारेच्या वेटोळ्यावर बसून रडले. मोठ्याने रडले असणार, कारण मास्तरीणबाई खाली धावत आल्या. त्यांना कार्ड दाखवलं. त्याही रडल्या. मग त्यांनी त्यातली शुद्धलेखनाची एक चूक दाखवली आणि परत रडल्या.

तू सांगत होतीस आणि मी तुझ्या सावलीकडे बघत बसले होते. तो वर केलेला हात केस सावरायला नव्हता, तोंडाशी नेला होतास. सहा महिने मी सगळ्या जगाला सांगत फिरले की माझी बहीण एका शब्दाने बोलली नाही.

धाकटे, मला ऐकू येत नाही.

हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितेय. लिहून झाल्यावर दोन मिनिटं बाहेर फिरून आले. काही झालं नाही, रस्ता होता तिथेच आहे. गेली चार-पाच वर्षं असेल. आधी पाखरं गेली, मग किटली, मग माणसं. मला वाटायचं, जग हळू बोलायला लागलंय. तू म्हणालीस तेव्हा इतकी चिडले, कारण ते खरं होतं आणि मला भीती वाटत होती. ऐकू येत नाही म्हटल्यावर मशीनवर कोण बसू देणार? आणि मशीनवरून उठवलं तर मी करू काय?

मास्तरीणबाई मला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर बराच वेळ ओठ हलवत होते, मी मान डोलवत होते. मग बाईंनी सगळं वहीत लिहून दिलं, समास आखून. बत्तीस वर्षांच्या ठोक्यांनी कान गेलेत. गेले ते परत येणार नाहीत. कानात बसवायचं यंत्र मिळेल. मी विचारलं, कुठल्या मापाचं असतं, अडीच इंची नको. डॉक्टर हसले. खांद्यांवरून कळलं.

आता पेटीवाल्याचं. तीस तारखेला माप बदललं. पाना घोळून थोडा झिजलाय, मध्ये पत्र्याची पट्टी घालावी लागते, पण बोल्ट धरतो. एक इंची निघाले! सगळी गल्ली बघायला जमली होती. पण डोकी परत तिरकी. पेटीवाल्याने मूठभर खिळे हातात घेतले, माझ्याकडे बघितलं आणि ओरडला, ‘धाकटी येईपर्यंत चालवून घेतो!’ मी म्हटलं, ती येणार आहे असं तुला कोणी सांगितलं? तो म्हणाला, ‘न येऊन सांगते कुणाला!’ म्हणजे बघ, मुदत त्याने तुझ्यावर टाकलीय, माझ्यावर नाही.

मी मात्र तुला ये म्हणत नाही. तुला खिडकी आहे, पगार आहे, अख्खं गाव तुझं ऐकतं. इथे येऊन एका बहिरीच्या मागे उभं राहून ‘ठोका पोकळ येतोय’ म्हणून ओरडायचं, आणि तिने ऐकायचं नाही. असलं काम तुला मी कुठल्या तोंडाने देऊ?

म्हणून एक केलं. मशीन फिरवलं.

खरंच फिरवलं. बाबांनी बसवल्यापासून ते जागचं हललं नव्हतं. सुतार, लोहार, पेटीवाला, मोची आणि चार टॉवेलवाला शेजारी. आधी जमिनीतले बोल्ट कापले. मग पहारी घालून उचललं, खाली लोखंडी नळ्या सरकवल्या आणि इंच इंच करत फिरवलं. अख्खा रविवार गेला. खालून सातही मापांचे मिळून चार घमेली खिळे निघाले. मास्तरीणबाई जिन्यावर उभ्या राहून ‘डावीकडे, डावीकडे’ करत होत्या, आणि त्यांचं उजवं-डावं कच्चं आहे हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. शेवटी पट्टा चढवला तर तो उलटा बसला. मशीनने तार आत ओढायची सोडून मागे ढकलायला सुरुवात केली आणि लोहार जीव मुठीत धरून टेबलावर चढला. परत काढला, परत चढवला. आता नीट चालतंय.

उजेडाची पंचाईत झालीय. पूर्वी पाठीमागून यायचा, आता सरळ डोळ्यांवर येतो. बाबा असते तर रागावले असते. मी सुताराची जुनी टोपी घालून बसते. टोपीखालून दार स्वच्छ दिसतं, रस्ता दिसतो, ते कुत्रंही दिसतं.

राहायला ये, नाहीतर नुसती एका दिवसासाठी ये. गाडी पंचवीस मिनिटं उशिरा सुटली तरी चालेल. आलीस की दारातून हाक मारू नकोस, ओरडू तर मुळीच नकोस. नुसती उभी राहा. आता माझं तोंड दाराकडेच आहे.

तुझी
ताई